पडद्यामागचे बिनव्याजी सावकार

व्यापारात उधारी ही काही नवी गोष्ट नाही. भिवंडीचा यंत्रमागधारक कापड उधार देतो, मस्जिद बंदरचा घाऊक व्यापारी माल उधार देतो आणि गावचा किराणा दुकानदार तर वहीवरच जगतो. परंतु उधार देणारा प्रत्येक जण आधी समोरच्याची पत पाहतो, उधारीच्या दिवसांचा हिशेब भावात धरतो आणि ज्याच्याकडून पैसे बुडण्याची भीती वाटते त्याला सरळ नकार देतो. उधार देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते. मुंबईत मात्र एक धंदा असा आहे की ज्यात उधार देणारा हातावर पोट असलेला मजूर असतो आणि उधार घेणारा मोटारीतून उतरतो. देणाऱ्याला नकाराची सोय नाही, व्याज नाही, मुदत नाही आणि पुष्कळदा कागदाचा तुकडाही नाही. हा धंदा म्हणजे चित्रपटांचा आणि त्याला लागून आलेला दूरदर्शन मालिकांचा.

आमच्या व्यापार-उद्योगाच्या पानावर चित्रपटाचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. चित्रपट पाहावा की पाहू नये, तो समाजाला कोठे नेतो, हा वाद या पानाचा नव्हे. आमचा प्रश्न रोजगाराचा आहे. जोगेश्वरी, मालवणी, बेहरामपाडा येथील कितीतरी घरांतील चूल सेटवरच्या मजुरीवर पेटते. सुतार आहेत, रंगारी आहेत, शिंपी आहेत, लाइटमन आहेत, फायटर आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न हा आपल्या पानाचा प्रश्न नाही, असे कोण म्हणेल?

चित्रपट म्हटला की पाच-दहा चेहरे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्ष सेटवर गेले तर शंभर-दीडशे माणसे राबताना दिसतात. उंच मचाणावर दिवे सांभाळणारे लाइटमन, एका रात्रीत कोर्ट किंवा हवेली उभी करणारे सेटिंगचे कामगार, चहापाण्यापासून खुर्च्यांपर्यंत सारे पाहणारे स्पॉटबॉय, मेकअपवाले, ड्रेसमन, साउंडवाल्यांचे असिस्टंट, जनरेटरचा ड्रायव्हर, नाचणारी मुले-मुली. शिवाय ज्यांना पूर्वी सर्रास ‘एक्स्ट्रा’ म्हणत आणि आता ‘ज्युनियर आर्टिस्ट’ म्हणतात, ते गर्दीतले कलावंत. त्यांच्या एक पायरी वर ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’, म्हणजे नायिकेचा बाप, खटल्यातला वकील, गावचा मुनीम. चेहरा सर्वांच्या ओळखीचा, नाव कोणाला ठाऊक नाही. या सर्वांचे नाते शिफ्टशी. काम असेल त्या दिवशी मजुरी. नसेल त्या दिवशी घरी.

आता पैशाची वाट पाहा. नायकाला सही करतानाच रक्कम मिळते. चित्रपटाला पैसा पुरवणारा सावकार आपले व्याज आधी मोजून घेतो. कॅमेरा आणि दिवे भाड्याने देणारा आगाऊ घेतल्याशिवाय सामान उतरवत नाही. सर्वांचे भागल्यानंतर जे उरते, उरलेच तर, ते मजुरांचे. मालिकांच्या धंद्यात तर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीतच पडून गेली. जानेवारीत अंगावर चढवलेल्या पोलिसाच्या वर्दीचे पैसे एप्रिल-मेमध्ये यावयाचे, तेही मधल्या काळात मालिका बंद पडली नाही तर.

वाचकांनी जरा कागद-पेन्सिल घ्यावी. समजा एका युनिटात शंभर माणसे आहेत, प्रत्येकाची मजुरी सरासरी एक हजार रुपये आहे आणि महिन्यात सव्वीस दिवस काम झाले. मजुरीची रक्कम झाली २६ लाख रुपये. ती नव्वद दिवस थांबवली. बाजारातून हीच रक्कम महिना दोन टक्क्यांनी उचलली असती तर तीन महिन्यांचे व्याज १ लाख ५६ हजार रुपये झाले असते. हे व्याज निर्मात्याने वाचवले. कोणाच्या खिशातून वाचवले? ज्याने त्याच तीन महिन्यांत घरभाडे भरण्यासाठी आणि मुलाच्या फीसाठी शेजारच्या सावकाराकडून शेकडा पाच-दहाने पैसे उचलले, त्याच्या खिशातून. निर्मात्याला बिनव्याजी देण्यासाठी हा माणूस स्वतः व्याजाच्या फासात अडकतो. याला कोणी ‘कर्ज-ए-हसना’ म्हणू नये. कर्ज-ए-हसना राजीखुशीने दिले जाते आणि ज्याच्यापाशी आहे तो ज्याच्यापाशी नाही त्याला देतो. येथे सारे उलटे आहे.

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग होते. तरुणपणी रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत आले, गोदीत काही काळ काम केले आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे गर्दीतले कलावंत म्हणून काढली. उंचापुरा देह, रुबाबदार दाढी, त्यामुळे दरबार, मैफल, लग्न, कोर्ट असे काहीही असले तरी सप्लायर त्यांना हाक मारी. त्यांच्यापाशी एक लांबट वही होती. तारीख, स्टुडिओ, कोणता वेश आणि किती रुपये, एवढ्याच नोंदी. ‘बाराती’, ‘वकील’, ‘जेलर’, ‘कव्वालीत मागे’. पैसे मिळाले की त्या ओळीवर रेघ मारायची. एकदा आम्ही ती वही चाळत होतो. मधूनमधून रेघ नसलेल्या ओळी होत्या, कोठे दोन, तर कोठे सलग दहा-बारा. आम्ही विचारले, “चाचा, ही रक्कम नंतर मिळाली का?”

ते हसले. म्हणाले, “मिळाली असती तर रेघ मारली नसती का, बेटा?”

मागायला का गेला नाहीत, असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्यात या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आले. मागायला जायचे म्हणजे एक दिवस खाडा करायचा, अंधेरीपर्यंत गाडीभाडे घालायचे, कचेरीत तीन तास बसायचे आणि सप्लायरच्या डोळ्यांत खुपायचे. पुढच्या खेपेस तो दुसऱ्याला हाक मारणार. दीडशे रुपयांसाठी पुढची दहा कामे घालवायची कोणी? घाम सुकण्याआधी मजुरी हातात पडावी, हे लहानपणापासून ऐकत आलेला तो माणूस. पण त्याचा घाम सुकून वर्षे लोटली होती.

हा केवळ गर्दीतल्या माणसाचा प्रश्न असता तर कोणी म्हणेल की कौशल्य नाही, म्हणून किंमत नाही. तेव्हा नावाजलेल्यांकडे पाहू. ए. के. हंगल १९४९ मध्ये कराचीहून मुंबईत आले तेव्हा त्यांच्या हाती शिंपीकामाचा हुन्नर होता. नाटकात रमले, चित्रपटात आले ते वयाच्या पन्नाशीच्या सुमारास. ‘शोले’मधील इमामसाहेब कोणाला आठवत नाहीत? सुमारे सव्वादोनशे चित्रपट त्यांनी केले. १९९३ मध्ये पाकिस्तानच्या वकिलातीतील एका समारंभाला गेल्याच्या कारणावरून त्यांच्यावर राजकीय बहिष्कार पडला आणि त्यांचे काम काही काळ थांबले. नायकाला असा धक्का पचवता येतो. चरित्र अभिनेत्याची मिळकत महिन्याच्या महिन्याला असते. २००६ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पाचच वर्षांनी, जानेवारी २०११ मध्ये, औषधपाण्याचा खर्च झेपत नाही म्हणून त्यांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले. मग मदतीचे धनादेश आले. देणाऱ्यांचे आम्ही आभारच मानू. पण सव्वादोनशे चित्रपटांत काम केलेल्या माणसाला म्हातारपणी धनादेशांची वाट पाहावी लागते, तेव्हा दोष त्याच्या नशिबाचा म्हणावा की धंद्याच्या हिशेबाचा? २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्याच वर्षी, चाकाच्या खुर्चीत बसून, त्यांनी एका मालिकेत शेवटचे काम केले होते.

भगवानदादा पालव यांची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. गिरणी कामगाराचा मुलगा, ‘अलबेला’ने १९५१ मध्ये मुंबई डोक्यावर घेतली, जुहूला बंगला झाला, मोटारी झाल्या. पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादरची चाळ राहिली. २००२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःचा पैसा चित्रपटात घातला होता, तेव्हा तो व्यापारातला तोटा म्हणता येईल. आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. उरलेली कित्येक वर्षे ते मिळेल त्या चित्रपटात दोन मिनिटांची भूमिका करीत राहिले, गाण्यात चार पावले नाचत राहिले. कारण या धंद्यात पेन्शन नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. ज्या गिरणीत त्यांचे वडील राबले तेथे, मालक कितीही कठोर असला तरी, पुढे कायद्याने फंड आला. पडद्यावरच्या माणसाला तोही लाभला नाही.

भगवानदादांचेच नाव आणखी एका प्रसंगात येते. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवार यांना मारावयाची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, उपचारांत तीन वर्षे गेली. नायिकेची कारकीर्द तेथे संपली. ललिताबाईंनी त्याच चेहऱ्याने सासूच्या भूमिका गाजवल्या ही त्यांची हिंमत. पण गिरणीत किंवा कारखान्यात कामावर असताना डोळा गेला असता तर त्याला अपघात म्हटले असते आणि नुकसानभरपाईचा दावा झाला असता. चित्रपटात त्याला किस्सा म्हणतात.

असे किस्से थांबलेले नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मस्ती गुडी’ या कन्नड चित्रपटासाठी बंगळूरजवळच्या जलाशयात हेलिकॉप्टरमधून उड्या मारण्याचे दृश्य घेतले गेले. खलनायकाची कामे करणारे दोन तरुण नट, अंगावर जीवरक्षक जाकीट नसताना, पाण्यात बुडाले. नायक वाचला. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूत मोटार उलटवण्याच्या दृश्यात एक अनुभवी स्टंटमन मरण पावला. स्टंटवाल्यांचा विमा काढावा म्हणून अक्षय कुमार या नटाने २०१७ पासून पुढाकार घेतला, हे त्याच्या नावावर जमा धरले पाहिजे. परंतु एखाद्या उद्योगातील मजुरांचा विमा एका दिलदार माणसाच्या मर्जीवर चालावा, याचा अर्थ त्या उद्योगाने आपली जबाबदारी उचललेली नाही. उद्या तो माणूस थकला तर हप्ता कोण भरणार?

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ने अमाप पैसा केला. त्यातील तय्यब अली म्हणजे आपले उरणचे मुकरी. कोकणी मुसलमान घरातला हा बुटका, दात काढून हसणारा माणूस १९४५ पासून पडद्यावर होता, दिलीपकुमारांचा शाळासोबती होता. सप्टेंबर २००० मध्ये मरहूम मुकरी गेले. त्यांच्या निधनाला पाव शतक लोटले, तरी तय्यब अली घरोघरीच्या पडद्यावर येतच असतो. याच चित्रपटातल्या अँथनी गोन्साल्विस या नावामागे खरा माणूस होता. ते गोव्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले म्हणून ते देशाला ऐकू आले. सेबॅस्टियन डिसोझा आणि चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला आकार दिला. पण बहुतेकांचे नाव तबकडीवर आले नाही. शिफ्टचे पैसे घेतले आणि व्हायोलिन पेटीत ठेवून लोकलने घरी गेले. पुढे सिंथेसायझर आला आणि पन्नास व्हायोलिनवाल्यांचे काम एका माणसाच्या दहा बोटांत आले, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांना बँडमध्ये आणि शिकवण्यांत पोट भरावे लागले.

मुद्दा असा की, चित्रपट हा माल एकदा विकून संपत नाही. तो प्रथम थिएटरात विकला जातो, मग दूरदर्शनच्या वाहिन्यांवर, मग कॅसेट आणि सीडीवर, आणि आज मोबाइलवर. प्रत्येक वेळी जाहिरातीचा किंवा वर्गणीचा पैसा येतो. गहाणवट ठेवता येईल अशी ही मिळकत आहे. मग ज्यांच्या चेहऱ्यावर आणि हातावर ती उभी राहिली त्यांचा तिच्यात हिस्सा किती? २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. गायकांनीही आपली संस्था काढून वसुली सुरू केली. चित्रपटाच्या व्यावसायिक वापरासाठी कलावंताला रॉयल्टी, असे शब्दही कायद्यात आले. परंतु दुय्यम नटाच्या घरी त्यातून नियमित काही येताना दिसत नाही. तो ज्या कागदावर सही करतो, जर कागद असलाच तर, त्यात सारे हक्क कायमचे लिहून दिलेले असतात.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. अमेरिकेत १९६० मध्ये नटांच्या संघटनेने संप केला. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ज्यांना कोणी डावा म्हणणार नाही. त्या संपातून दोन गोष्टी मिळाल्या. चित्रपट दूरदर्शनवर दाखवला की नटाला त्याचा वाटा, आणि निर्मात्यांच्या पैशांतून सुरू झालेली पेन्शन व आरोग्य योजना. २०२३ मध्ये तीच संघटना ११८ दिवस संपावर होती आणि या वेळी मागणीत यंत्राने बनवलेल्या चेहऱ्या-आवाजाचा प्रश्न होता. नटाचा चेहरा एकदा टिपून घ्यायचा आणि पुढे गर्दीत हवा तितक्या वेळा वापरायचा, हा धोका मुंबईच्या ज्युनियर आर्टिस्टच्या आणि डबिंगवाल्याच्या दारातही उभा आहे. व्हायोलिनवाल्यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

मग आपल्याकडे कायदे नव्हते काय? होते. १९८१ मध्ये संसदेने या कामगारांसाठी एकदम तीन कायदे केले. एकाने सांगितले की लेखी आणि नोंदवलेल्या कराराशिवाय कोणाला चित्रपटाच्या कामावर ठेवू नये. दुसऱ्याने प्रत्येक चित्रपटावर सेस बसवला. तिसऱ्याने त्या पैशांतून कल्याण निधी उभा केला. योजना उत्तम होती. परंतु निधीचा लाभ घ्यायचा तर निदान पाच चित्रपटांत काम केल्याचे दाखवावयाचे होते, आणि ज्याला एकाही चित्रपटाचा कागद दिलेला नाही त्याने ते दाखवायचे कशाने? आमच्या चाचांनी शेकड्यांनी चित्रपट केले होते. पुरावा काय, तर ती लांबट वही.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटांना उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि २००० पासून संस्थांकडून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी मोठा आनंद व्यक्त झाला. काळा पैसा जाईल, बँका येतील, हिशेब चोख होतील. बँका आल्या, परदेशी कंपन्या आल्या, कार्पोरेट कचेऱ्या झाल्या. मजुराचे नव्वद दिवस मात्र गेले नाहीत. उलट “हेड ऑफिसकडून बिल पास झाले नाही” हे नवे कारण मिळाले. ऑक्टोबर २००८ मध्ये सिने कामगारांच्या महासंघाने थकलेल्या मजुरीवरून काम बंद केले आणि मुंबईतील चित्रीकरण ठप्प झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा संप, आठ तासांच्या शिफ्टसाठी. शिकागोच्या कामगारांनी १८८६ मध्ये जे मागितले ते गोरेगावच्या कामगाराने २०१७ मध्ये मागावे, यावर काय बोलावे!

आणखी एक विसंगती पाहण्यासारखी आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, न दिल्यास चक्रवाढ व्याज लागते. २०२४ पासून तर असे पैसे थकवणाऱ्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या मार्चअखेरीस धावत येऊन बिले चुकती करू लागल्या. म्हणजे दिवा भाड्याने देणाऱ्या दुकानाला ४५ दिवसांचे संरक्षण मिळाले आणि तो दिवा खांद्यावर वाहून नेणाऱ्याला मिळाले नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीत हे सारे उघडे पडले. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले आणि आठवड्याभरात घरांतील डबे रिकामे झाले. सलमान खान याने २५ हजार मजुरांच्या खात्यांत पैसे टाकण्याची तयारी दाखवली. इतरांनीही शिधा वाटला. पण नव्वद दिवसांची थकलेली मजुरी त्याच वेळी चुकती केली असती तर कित्येकांना शिध्याच्या रांगेत उभे राहावे लागले नसते. चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा राज्य सरकारने नियम केला की ६५ वर्षांवरील कोणी सेटवर येऊ नये. हेतू चांगला होता. परंतु आजोबांच्या भूमिका करणाऱ्याने खायचे काय? सत्तरीचे एक नट, ज्यांनी चाळीस वर्षे छोट्या भूमिका केल्या होत्या, उच्च न्यायालयात गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. दुकाने उघडणाऱ्या वृद्धाला मनाई नाही, मग यालाच का, हा न्यायालयाचा साधा प्रश्न होता. भीक नको, काम करू द्या, असे म्हणणाऱ्या त्या वृद्धाला आमचा सलाम.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १९८१ च्या कायद्यांपैकी करार व निधीचे दोन कायदे त्यांत विलीन झाले आहेत. नेमणुकीचे पत्र सर्वांना द्यावे, जादा तासांना दुप्पट मजुरी द्यावी, रोजंदारीच्या माणसाला शिफ्ट संपताना पैसे द्यावेत, महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याची सात तारीख ओलांडू नये, अशी त्यांत तरतूद आहे. डबिंगवाले आणि स्टंटवाले यांचाही उल्लेख सरकारने केला आहे. कागदावर यापेक्षा अधिक मागता येणार नाही. पण १९८१ मध्येही कागद चांगलाच होता. आमचे म्हणणे एवढेच की सरकारच्या हाती एक चावी आहे, ती फिरवावी. सेन्सॉरचे प्रमाणपत्र घेताना निर्मात्याला पूर्वी सेस भरल्याची पावती जोडावी लागे. त्याच धर्तीवर आता युनिटाची मजुरी चुकती केल्याचा दाखला मागावा. प्रमाणपत्राशिवाय चित्रपट थिएटरात लागत नाही. निर्माता हिरोच्या तारखांसाठी जितका धावतो, तितकाच मग लाइटमनच्या सहीसाठी धावेल. मालिकांसाठी हीच अट वाहिन्यांवर घालावी, कारण पैसा शेवटी त्यांच्याकडून येतो.

संघटनांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. संघटना नसत्या तर आज मिळते तेही मिळाले नसते, हे खरे. परंतु सभासदत्वाचे कार्ड ही काही ठिकाणी जहागीर होऊन बसली. नव्या माणसाला कार्डासाठी भारी रक्कम मोजावी लागते आणि कार्ड नसेल तर काम नाही. मेकअपवाल्यांच्या संघटनेने तर कित्येक दशके स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचे कार्डच दिले नाही. त्यांनी फक्त केशभूषा करावी, असा नियम. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी मोडून काढली. ज्यांनी मालकाकडे न्याय मागायचा त्यांनी आपल्याच धंद्यातील बहिणींना दाराबाहेर उभे करावे, हे शोभले नाही. आणि सप्लायर, कोऑर्डिनेटर या मधल्या मंडळींचे कमिशन किती असावे, ते कोणाकडून घ्यावे, याविषयी संघटनांनी निर्मात्याइतकेच त्यांनाही धारेवर धरले पाहिजे.

आता थोडे आमच्या वाचकांशी. मालेगावच्या मागावर काम करणाऱ्या मुलांच्या हौशी चित्रपटांवर माहितीपट निघाला, २०२५ मध्ये त्यांच्या जीवनावरचा मोठा चित्रपट थिएटरांत लागला. त्याने उमेद घेऊन कोणी मुंबईची गाडी पकडली तर नवल नाही. घरातल्या मुलाने या धंद्यात जावे की न जावे हे ज्याचे त्याने ठरवावे. जायचेच असेल तर चेहऱ्याच्या भरवशावर जाऊ नये. सुतारकाम, दिव्यांचे काम, शिवण, ध्वनिमुद्रण, संकलन असा हातचा हुन्नर घेऊन जावे, म्हणजे सेट नसेल तेव्हा बाहेरही काम मिळते. पहिल्या दिवशी कागद मागावा. कागद देत नसतील तर ज्याने बोलावले त्याला मोबाइलवर एवढा तरी मजकूर पाठवावा की अमुक तारखेला, अमुक कामासाठी, अमुक मजुरीवर येत आहे, आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. पैसे रोख न घेता खात्यात मागावेत. बँकेचे पासबुक पुढे पुरावा होतो. केंद्राच्या ई-श्रम यादीत नाव नोंदवावे, त्याला खर्च नाही. आणि चाचांसारखी एक वही ठेवावी.

चाचांची वही त्यांच्या इंतकालानंतर त्यांच्या मुलाने आम्हांला दाखवली. मुलगा रिक्षा चालवतो. त्याने एका दुपारी बसून रेघ नसलेल्या ओळींची बेरीज केली होती आणि ती शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली होती. रक्कम एकोणीस हजार चारशे रुपये. खाली त्याने त्या कंपन्यांची नावेही उतरवून काढली होती. त्यांतील बहुतेक कचेऱ्या आता त्या पत्त्यावर नाहीत, असे तो म्हणाला.